कोण ही फुलवंताबाई?

चेतनाने कागदावरचा प्रश्न तिसऱ्यांदा वाचला. दोनदाच वाचायचं, समजावून सांगायचं नाही, असा नियम होता. पण समोर रंजनाबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे नियम पाळत बसण्याइतका धीर तिच्यात उरला नव्हता.

“मोलगीच्या बाजारात भाजी विकायला येणाऱ्या सगळ्या बायका डोंगरातल्या असतात. फुलवंताबाई मोलगीच्या बाजारात भाजी विकायला येते. तर फुलवंताबाई डोंगरातली आहे का?”

रंजनाबाईंनी मिसरीचं बोट दातांवरून सावकाश फिरवलं आणि पदराला पुसलं.

“कोन फुलवंताबाई?”

“कोणीही. समजा, अशी एक बाई आहे.”

“समजा म्हंजे? शे का नही शे?”

“आहे.”

“मंग कोनी सून शे ती? आडनाव काय तिन्हं?”

“काकू, ते महत्त्वाचं नाही. मी जे वाचलं त्यावरूनच सांगायचं.”

“मी तिले दखेल नही. मोलगीले मी जल्ममा गयेल नही. न दखेल बाईनं मी कसं सांगू, ती डोंगरनी शे का गुजरातनी? तूच फोन लाव ना मोलगीले कोनले तरी. इचारी ले.”

चेतनाने कागदावर खूण केली. ‘उत्तर नाही, अनुभवाचं कारण दिलं.’ सकाळपासून बहुतेक बायकांपुढे हीच खूण पडली होती. कोणी फुलवंताबाईचं माहेर विचारलं होतं, कोणी तिचा नवरा काय करतो ते. शांतीबाईंनी तर, परक्या बाईबद्दल असं चारचौघांत बोलू नये माय, म्हणून उलट चेतनालाच समज दिली होती. तेव्हा चेतनाला हसू आलं होतं. आता येत नव्हतं.

शाळा उन्हाळ्यामुळे सकाळचीच भरत होती, म्हणून दुपारी हा वर्ग मोकळा मिळाला होता. पत्रे तापले होते, पंखा गरम वाराच खाली ढकलत होता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं हे काम. माणसं दिलेल्या दोन वाक्यांवरून तिसरं वाक्य कसं काढतात, शिकलेली कशी काढतात आणि न शिकलेली कशी, एवढंच पाहायचं. लोणखेड्याला मानसशास्त्रात एम.ए. करून घरी बसलेल्या चेतनाला हे काम मिळालं तेव्हा ती हरखून गेली होती. गावं चिठ्ठ्या टाकून निवडली, त्यात तापीकाठचं तिचंच गाव निघालं. मतदारयादीतून बायका निवडल्या, त्यात भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या रंजनाबाई निघाल्या. यादी करणाऱ्या प्रतिभा मॅडमना काय माहीत, की या बाईशी चेतना तीन वर्षं एक शब्द बोललेली नव्हती.

दोन घरांचा अबोला तर त्याहून जुना होता. चेतनाचे वडील गिरधर मास्तर आणि रंजनाबाईंचा वारलेला नवरा हे चुलतभाऊ. शेताच्या बांधावरून बिनसलं, आणि तेव्हापासून एका घराच्या माणसाने दुसऱ्या घराची पायरी चढायची नाही, त्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं ठरलं. भाऊबंदकीत असं असतंच, त्याचं चेतनाला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते काजलचं.

काजल तिची धाकटी बहीण. नंदुरबारला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून सांगून गेली आणि रात्री घरी आली नाही. नानांनी, म्हणजे गिरधर मास्तरांनी, मैत्रिणीच्या घरी फोन लावला, तर काजल तिकडे गेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. त्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद झालं, फोन काढून घेतला गेला, आणि दोन महिन्यांत बारडोलीकडच्या एका बिजवराशी तिचं लग्न लावून दिलं. “गाव बोलतंय,” एवढंच नाना म्हणाले. तेव्हापासून काजलला माहेर नाही. दर आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, गावच्या लेकी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके लागतात, गौराईची गाणी ऐकू येतात. मास्तरांच्या दारात मात्र कोणी येत नाही. यंदाची आखाजी चार दिवसांवर आली होती.

गावाला कोणी सांगितलं, हे चेतनाने तेव्हाच काढलं होतं. ती त्या वेळी लोणखेड्याच्या होस्टेलवर होती. काजलने आईच्या फोनवरून चोरून फोन केला, रडत रडत एवढंच म्हणाली, की परीक्षेला सुरतला गेले होते, ताई, खांडबाऱ्याच्या स्टेशनावर रंजनाकाकू भेटली होती. आणि कोणीतरी फोन हिसकावून घेतला. एका माणसाने पाहिलं, आणि गावाला कळलं. दुसरं कोण सांगणार? लग्नानंतर काजल अधूनमधून बोलायची, पण तो विषय निघाला की “राहू दे ना, ताई” म्हणून फोन ठेवायची. चेतनाला तिच्याकडून वेगळं काही ऐकायची गरजही वाटली नाही. तीन वर्षं ती या बाईचा मनातल्या मनात पाणउतारा करत आली होती.

आणि आता तीच बाई तिला सांगत होती, की न पाहिलेल्या बाईबद्दल मी कसं बोलू.

“पुढचं वाचते,” चेतना म्हणाली. तिचा आवाज कोरडा झाला होता. “सगळ्या म्हशी अंडी घालतात. कपिला ही म्हैस आहे. तर कपिला अंडी घालते का?”

रंजनाबाईंनी मान वाकडी करून कागदाकडे पाहिलं.

“कोन मूर्खनी लिखेल शे हाई?”

“काकू, हो किंवा नाही सांगा.”

“तुन्हा पगार ह्यानाच शे का व? मी बिबड्या वाळत टाकीसन उनी. कावळा खाई जातीन, नि तू माले म्हशीनी अंडी इचारी ऱ्हायनी.”

चेतनाने खूण केली. पेनाचं टोक कागदातून पलीकडे गेलं. मग तिने चार चित्रांचे पत्ते काढले आणि टेबलावर मांडले. हा शेवटचा प्रश्न होता. प्रतिभा मॅडमनी तो मुद्दाम गावाकडच्या रीतीवर बेतून घेतला होता.

“हे चार पुरुष आपापल्या घराच्या दाराशी उभे आहेत. रीत अशी, की जो मसणातून आला त्याने आंघोळ केल्याशिवाय घरात जायचं नाही. पहिला मसणातून आलेला आहे, आंघोळ केली का ते माहीत नाही. दुसरा दिवसभर शेतात होता. तिसरा आंघोळ केलेला आहे, कुठून आला ते माहीत नाही. चौथ्याने आंघोळ केलेली नाही, तोही कुठून आला ते माहीत नाही. रीत मोडली जातेय का, हे बघायचंय. तर कोणाकोणाला विचारावं लागेल?”

वाक्य संपायच्या आत रंजनाबाईंनी दोन पत्ते पुढे ओढले.

“हाऊ मसनमाईन उना, त्याले इचारनं, आंघोळ करी का. नि हाऊ कोरडा शे, त्याले इचारनं, तू कोठून उना रे बाबा. बाकीन्यासले कसाले इचारनं? जो आंघोळ करी बसना तो कोठूनबी येवो, माले काय करनं शे.”

उत्तर बिनचूक होतं. एम.ए.च्या वर्गात याच घाटाचा प्रश्न अक्षरं आणि आकडे घालून दिला होता तेव्हा वर्गातल्या एकालाही तो सुटला नव्हता, चेतनालाही नाही. आणि या बाईने मिसरीचं बोट न पुसता तो सोडवला.

इथेच चेतनाचं डोकं फिरलं. बाई अडाणी असती, तिला कळलंच नसतं, तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण हिला सगळं कळत होतं. कोणाला विचारायचं आणि कोणाला नाही, हे हिला चांगलं ठाऊक होतं. तिने कागद उलटा करून ठेवला आणि शाळेची भाषाही बाजूला ठेवली.

“काकू, फुलवंताबाईले तू दखेल नही, म्हनीसन बोलत नही. बराबर?”

“बराबर.”

“मंग मन्ही बहीनबद्दल कशी बोलनी? तिले कोनासंगे दखं व्हतं तू? काय करताना दखं व्हतं?”

रंजनाबाईंचा हात तोंडाजवळच थांबला. पंख्याखाली कागद फडफडत होते, चेतनाने त्यांवर जोरात हात आपटला.

“बोल ना. परक्या बाईनी इतली काळजी, नि घरनी पोर उघड्यावर टाकी दिन्ही. तिन्हं शिक्षण गयं. चाळिशीना माणूसना पदरमा बांधी तिले. तीन आखाजी व्हई गयात, तिनी घरना उंबरा दखेल नही. तू एक तोंड उघडं, नि एवढं व्हयनं.”

“मी?” रंजनाबाई म्हणाल्या. “मी काय तोंड उघडं?”

“गावले कोनी सांगं मंग?”

“काय सांगं गावले?”

“खांडबाराना स्टेशननं.”

“गावले काय मालूम शे स्टेशननं? गावले आजबी मालूम नही. इचारी दख. त्या शांतीबाईले इचार. गावले लगननी पत्रिका उनी तैच समजनं, की मास्तरनी पोरनं लगन शे.”

रंजनाबाईंनी मिसरीची डबी बंद केली, कमरेला खोचली आणि खुर्चीत नीट बसल्या. त्याही आता चिडल्या होत्या.

“आयक. मी भाऊकडे गयेल व्हती, खांडबाराले. घर येवाले स्टेशनवर उनी, त बाकवर काजल. एकलीच. सुरतले नोकरीनी परीक्षा देवाले बापले चोरीसन गयेल, पोटमा अन्न नही, उन लागेल. उलट्या व्हई ऱ्हायन्या व्हत्या, म्हनीसन गाडीमाईन उतरी पडेल. मी तिले भाऊना घर लई गयी. रातभर वहिनीनी तिन्हा डोकावर पानीन्या पट्ट्या ठेव्यात. सकाळले बसमा बसाडी दिन्ही. एवढं शे. कोनासंगे नही नि काही नही.”

“मंग तिनी घर काब्र सांगं नही?”

“सांगं. नही सांगं कशी? बापना समोर उभी ऱ्हाईसन सांगं, मी रंजनाकाकूना भाऊना घर व्हती, तिले इचारी ल्या. भित एक शे आमनी, चेतना. मन्हा कान काय फुटेल नहीत. तुन्हा बाप म्हने, त्या घरनी माणसं खोटंच बोलतस, त्यासले काय इचारनं.”

बाहेर हातपंपाचा दांडा करकरत होता. चेतनाला आपला राग कुठे ठेवावा ते कळेना. तीन वर्षं तो एका जागी नीट बसलेला होता, आणि ती जागाच चुकीची निघाली. तिनेही चार पत्त्यांतले सोयीचे दोनच उचलले होते. उरलेले उलटून पाहावेत, काजलला खोदून विचारावं, हे तिला सुचलं नव्हतं. स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ पुन्हा संताप आला, या बाईचाच.

“तुले आयकू येत व्हतं,” ती म्हणाली. “सगळं आयकू येत व्हतं. नि तू भितना आडे बशेल ऱ्हायनी. दोन महिने. एक डाव येवानं, सांगानं.”

“कशी येऊ? तुन्हा घरनी पायरी माले बंद शे.”

“हाका मारत्या दारमाईन.”

“माले कोनी इचारं?” रंजनाबाईंचा आवाज चढला. “तुन्हा बापनी मन्हा बांध कोरी लिन्हा. मन्हा माणूस त्याच झुरणीमा गया. नि मी जाऊ, त्यान्ही पोर चांगली शे म्हनीसन सांगाले? बिनबलावतं?” मग नजर टेबलावरच्या पत्त्यांवर ठेवून म्हणाल्या, “मनमा म्हनं, भोगू द्या आते मास्तरले. माले काय मालूम, भोगनं पोरले पडी.”

हे त्यांनी क्षमा मागण्यासाठी म्हटलं नव्हतं, आणि चेतनाने क्षमा केलीही नाही. या गावात प्रत्येकाजवळ आपापल्या गप्प बसण्याचं एक चांगलं कारण असतं, आणि ती कारणं सगळी मिळून एखाद्या पोरीच्या डोक्यावर पडतात. तिने पत्ते गोळा केले, रबर लावलं. रंजनाबाई उठून दारापर्यंत गेल्या.

“काकू,” चेतनाने मागून विचारलं, “तुन्हा पोऱ्या भाग्येश घर शे का?”

“शे ना. काब्र?”

चेतना पिशवी खांद्याला लावून त्यांच्याबरोबर बाहेर पडली.

*

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि नाना ओसरीवर खुर्ची टाकून तिची वाटच पाहत होते. गावातला एक शिकलेला माणूसही हवा, साठीच्या पुढचा, असं प्रतिभा मॅडमनी सांगितलं होतं, आणि नानांनी आपलं नाव स्वतःच घालून ठेवलं होतं. पांढरा शर्ट घातला होता. चष्म्याच्या काचा पुसून झाल्या होत्या.

“दमली असशील तर उद्या घेऊ,” ते म्हणाले. घरातही ते शाळेचीच भाषा बोलत. आई एवढी वर्षं त्यांना अहिराणीत उत्तरं देत आली होती.

“नाही. आत्ताच घेते.”

मधल्या दारातून चुलीपाशी बसलेली आई, वत्सलाबाई, दिसत होती. परातीत भाकरीचं पीठ मळत होती. बाजूला पितळी डब्यात दुपारी तळलेल्या सांजोऱ्या निवत ठेवल्या होत्या, आखाजीच्या.

चेतनाने फुलवंताबाई वाचली.

“डोंगरातली आहे,” नाना म्हणाले. प्रश्न संपताच.

“तुम्ही तिला ओळखता?”

“ओळखायचं काय त्यात? सगळ्या म्हटलंय ना? सगळ्यांत ती आली.”

“सगळ्या म्हशी अंडी घालतात. कपिला ही म्हैस आहे.”

“कपिला अंडी घालते.” ते जरासे हसले. “मला फसवायला घातलेलं आहे हे. पण दिलेलं खरं धरायचं आणि पुढे जायचं. पस्तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं. बुद्धी वापरायची, भावना मध्ये आणायच्या नाहीत.”

चेतना वाचत गेली. नाना उत्तरं देत गेले, एकही न चुकता, एकदाही न अडखळता. दिलेलं वाक्य कोणी दिलं, कशावरून दिलं, असं त्यांनी कुठेच विचारलं नाही. प्रत्येक बरोबर उत्तराला चेतनाचा हात जास्त जड होत होता. शेवटची खूण करून तिने पेनाचं टोपण लावलं.

“किती?” नानांनी विचारलं.

“सगळी बरोबर.”

“वत्सला, ऐकलंस का?” त्यांनी आत पाहून म्हटलं. आई भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही.

“नाना,” चेतना म्हणाली, “काजलच्या वेळी तुम्ही म्हणालात, गाव बोलतंय. तुम्हाला कोण बोललं होतं?”

नानांच्या चेहऱ्यावरचा आनंद जागच्या जागी राहिला, फक्त त्यामागचा माणूस हलला.

“तो विषय आता कशाला?”

“एक नाव सांगा. कोणी येऊन सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला लागतं कोणी? गाव म्हटलं की बोलणारच. आपलं गाव काय जगावेगळं आहे?”

“म्हणजे कोणीही बोललं नव्हतं.”

“बोललं असतं. आज नाही तर उद्या. मी वेळेवर निर्णय घेतला म्हणून झाकलं गेलं.” ते खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा आवाज वर्गातला झाला, शांत आणि पायरीपायरीने उतरणारा. “खोटं सांगून गेली, हे खरं ना? रात्र बाहेर काढली, हे खरं ना? मग पुढचं उघड आहे. त्यासाठी कोणाच्या दाराला जाऊन विचारायची गरज नव्हती.”

“तिने दार सांगितलं होतं. पलीकडचंच.”

“त्या घराचं मला सांगू नकोस. त्या घरात खरं बोललेलं कोणी ऐकलंय?”

“तुम्ही त्या घरातलं काही ऐकून किती वर्षं झाली, नाना?”

नाना उठून उभे राहिले. हात त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला. चेतनाही उभी राहिली. तिला ओरडायचं होतं. या माणसाने तिला अक्षर शिकवलं होतं, पाढे शिकवले होते, सायकलच्या मागे धावत शाळेत सोडलं होतं. आणि याच माणसाने स्वतःच्या पोरीला दोन वाक्यांत संपवून तिसऱ्या वाक्यात बारडोलीला पाठवलं होतं. पण ती ओरडली नाही.

“काजल आखाजीला येतेय,” ती म्हणाली.

“या घरात येणार नाही.”

“या घरात नाहीच येणार. रंजनाकाकूंकडे येतेय. त्यांचा भाग्येश उद्या सकाळी मुऱ्हाळी म्हणून जाईल तिला आणायला. माझं काजलशी बोलणं झालं आत्ता, काकूंच्या ओट्यावरून. तिच्या नवऱ्याशीपण झालं. झोका काकूंच्या दारातल्या निंबाला बांधू. तुम्हाला इथून ओसरीवरून दिसेल.”

“त्यांच्या पायरीवर गेलीस तू?”

“पाणीपण प्यायले.”

चुलीजवळचा थापण्याचा आवाज थांबला होता. चेतनाने आत पाहिलं. आई परातीवर हात धरून तशीच बसली होती, बोटांना पीठ चिकटलेलं. काजल त्या सकाळी नानांसमोर उभी राहून बोलली तेव्हाही आई तिथेच, त्याच चुलीपाशी, असणार. हे चेतनाच्या आत्ता लक्षात आलं, आणि आईकडे बघणं तिला जड झालं.

“भाग्येश कितला वाजता निंघी?” आईने विचारलं.

“सहाच्या बसने.”

आईने हात धुतले. पितळी डब्याचं झाकण उघडलं, सांजोऱ्या स्वच्छ फडक्यात मोजल्याशिवायच भरल्या, वर आणखी दोन ठेवल्या आणि गाठ मारली. डोक्यावरचा पदर सारखा केला. ओसरीवरून नानांच्या समोरून जाताना ती थांबली नाही.

“कुठे निघालीस?” नाना म्हणाले.

“मुऱ्हाळी काय रित्या हाते जास का?”

“वत्सला, त्या घरी आपण जात नाही.”

वत्सलाबाई चपला शोधत होत्या. एक सापडली, दुसरी खुर्चीखाली गेली होती. ती त्यांनी वाकून पायानेच ओढून घेतली.

“तुम्ही जातस नही,” त्या म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.